विहिरीची भिंत आणि बोअरचा भुगा: कुरुंद्याच्या जमिनीखालचा इतिहास

आपल्या व्याख्यानमालेत राजे येतात, लढाया येतात, मंदिरं आणि शिलालेख येतात. आज मात्र जमिनीखालच्या इतिहासाकडे बघायचं आहे. हा इतिहास कागदावर फार कमी उतरला. तो विहिरीच्या भिंतीवर, खोदणाऱ्याच्या तोंडी आणि अलीकडे सरकारी नोंदवह्यांत राहिला.

त्यासाठी आपण गाव घेतलं आहे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा. टोकाई गडाचं गाव, टोकाई साखर कारखान्याचं गाव. आजूबाजूला ऊस आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद आठ-नऊ महिने शेतात उभी राहते आणि ऊस वर्षभर. दोन्हींना उन्हाळ्यात पाणी लागतं. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टी झाली तेव्हा याच कुरुंद्यात घरांमध्ये पुराचं पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात घरात पाणी आणि उन्हाळ्यात बोअरला पाणी नाही, असा हा आपला मुलूख. मधल्या सहा-आठ महिन्यांत ते पाणी जातं कुठे, आणि जमिनीखाली त्याला राहायला जागा तरी किती आहे, हा आजचा प्रश्न.

सुरुवात थोडी मागून करू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात 'दकार्गल' नावाचा एक अध्याय आहे. सुमारे सव्वाशे श्लोक, आणि विषय एकच, जमिनीखालचं पाणी कसं शोधायचं. शरीरात जशा रक्तवाहिन्या असतात तशा भूमीत पाण्याच्या शिरा असतात, काही वर तर काही खोल, अशी त्याची कल्पना. कोणतं झाड, त्याच्या कोणत्या बाजूला वारूळ, तिथून किती हातांवर खणायचं, हे सगळं त्यात आहे. त्यातल्या अनेक खुणा आज टिकणार नाहीत, आणि आम्ही त्यांची वकिलीही करणार नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. वराहमिहिर नुसतं 'इथे पाणी लागेल' असं म्हणून थांबत नाही. इतक्या खोलीवर अमुक रंगाची माती, त्याखाली असा दगड, मग पाणी, असा क्रम तो लावतो. आज आपण ज्याला बोअरचा लॉग म्हणतो, म्हणजे खोलीनुसार थरांची नोंद, तिचंच हे जुनं रूप आहे. खणताना फुटत नसेल असा खडक लाकडं पेटवून तापवावा आणि वर पाणी शिंपडून तडकवावा, हा उपायही त्याने दिला आहे. म्हणजे ही माहिती प्रत्यक्ष विहिरी खोदणाऱ्यांकडून आली असणार, हे उघड आहे.

खोली मोजायला तो जे माप वापरतो, त्याचं नाव 'पुरुष'. उभ्या माणसाने हात वर केले की जेवढी उंची होते तेवढं, १२० अंगुळांचं. आता गावाकडच्या जुन्या माणसाला विचारा, विहीर किती खोल? तो फूट-मीटर सांगणार नाही, 'सात परस' म्हणेल. हा परस म्हणजे तोच पुरुष. माप गावोगाव थोडं कमी-जास्त झालं, पण शब्द टिकला. दीड हजार वर्षं एखादं माप लोकांच्या तोंडी राहतं, तेव्हा त्यामागे काम करणाऱ्यांची सलग परंपरा असते.

ही परंपरा कुणाची? विहीर कुठे पाडायची हे सांगणारा पाणाड्या वेगळा आणि खोदणारा वेगळा. खोदण्याचं काम प्रामुख्याने वडार समाजाने केलं, बांधकामाचं बेलदार-पाथरवटांनी. खोदणारा माणूस थराथराने खाली उतरत असे, तेव्हा प्रत्येक थर त्याच्या पहारीला वेगळा लागत असे. त्याने थरांना नावं दिली. वर काळी माती. मग पांढरी किंवा शाडूसारखी माती. मग मुरूम, हाताने फुटणारा. मग मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा किंवा पांढऱ्या-हिरव्या दाण्यांचा, कुदळीला दाद देणारा दगड. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न हलणारा. आणि कधीकधी दोन दगडांच्या मध्ये वीतभर ते हातभर जाडीचा लाल, गेरूसारखा पट्टा. ही नावं शाळेत शिकवली जात नाहीत, पण भूविज्ञानाच्या पुस्तकातल्या वर्गीकरणाशी ती जवळपास एकेक करून जुळतात.

ती का जुळतात हे कळायला आपल्याला साडेसहा कोटी वर्षं मागे जावं लागेल. त्या काळात दख्खनच्या पठारावर जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक लोंढा आला, पसरला, थंड झाला, मग काही काळाने दुसरा त्याच्यावर आला. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग या बेसॉल्ट दगडाने झाकलेला आहे आणि हिंगोली जिल्हाही जवळपास सगळा त्यातच येतो. प्रत्येक लोंढ्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची छिद्रं झाली. तो आपला मांजऱ्या. लोंढ्याचा आतला भाग सावकाश थिजला, तो घट्ट झाला. तो काळा पाषाण. आणि दोन लोंढ्यांच्या मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग कुजला, तांबडा झाला आणि पुढच्या लाव्ह्याने भाजून निघाला. तो लाल पट्टा. म्हणजे विहिरीत दिसणारा लाल पट्टा हा लाव्हा थांबल्याचा पुरावा आहे.

आता पाणी कुठे साठतं बघा. काळ्या पाषाणाला भेगा नसतील तर त्यात पाणी शिरत नाही. पाणी राहतं मुरमात, मांजऱ्याच्या जोडलेल्या छिद्रांत, भेगांत, आणि दोन लोंढ्यांच्या सांध्यात. लाल पट्टा चिकण असेल तर पाणी त्याच्यावर अडतं. विहिरीत एखाद्या विशिष्ट उंचीवरून झरा सुटलेला दिसतो, तो बहुतेक वेळा अशाच सांध्यावर असतो. त्यामुळे एका शेतात मुबलक पाणी आणि बांधापलीकडे कोरडं, हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा. त्याला नशीब म्हणायची पद्धत आहे. खरं तर तो थरांचा आणि भेगांचा हिशेब आहे.

हा हिशेब शास्त्राने कधी मांडायला घेतला? एकोणिसाव्या शतकात. त्याची सुरुवात आपल्याकडे नाही, कलकत्त्यात झाली. फोर्ट विल्यम किल्ल्यात गोडं पाणी मिळावं म्हणून १८३५ ते १८४० या काळात एक छिद्र खोल नेलं गेलं. ते ४८१ फुटांपर्यंत गेलं. हवं तसं पाणी मिळालं नाही. पण छिद्रातून वर आलेल्या मातीत, साडेतीनशे फुटांच्या आसपास, प्राण्यांच्या हाडांचे तुकडे निघाले. गंगेचा गाळ किती खोल आहे, आणि आज इतक्या खाली असलेला थर एके काळी उघडी जमीन होता, हे त्यातून कळलं. पाण्यासाठी पाडलेलं छिद्र पाण्याच्या बाबतीत फसलं आणि इतिहासाच्या बाबतीत यशस्वी झालं.

आपल्या महाराष्ट्रातलं असंच उदाहरण भुसावळचं. रेल्वेचं गाव, इंजिनांना कोळसा हवा. बेसॉल्टच्या खाली कोळसा असेल या आशेने तिथे बोअर मारला. तो १,२१७ फूट, म्हणजे सुमारे ३७१ मीटर खाली गेला. कोळसा लागला नाही, बेसॉल्टसुद्धा संपला नाही. पण वर आलेल्या दगडाच्या नमुन्यांचा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लुईस फर्मर यांनी बारकाईने अभ्यास केला आणि १९२५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या एका छिद्रात लाव्ह्याचे २९ लोंढे मोजता आले. सरासरी काढली तर एका लोंढ्याची जाडी चाळीस फुटांच्या घरात येते. जमिनीवर उभं राहून जो डोंगर आपल्याला सरसकट काळा दिसतो, तो आतून २९ पानांचा ग्रंथ निघाला. आणि हे शक्य झालं, कारण कोळसा लागला नाही म्हणून नमुने कुणी फेकून दिले नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आपला कुरुंद्याचा भाग तेव्हा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. पाण्याच्या नोंदी शोधणाऱ्याला हा प्रवास माहीत असावा लागतो, कारण नोंदी त्या-त्या काळच्या राजधानीत आणि त्या-त्या भाषेत आहेत. हैदराबाद संस्थानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण होतं आणि दुष्काळी भागात विहिरी पाडण्यासाठी वेगळं खातंही होतं. लिओनार्ड मन हे भूवैज्ञानिक या कामाशी जोडलेले होते. दगड ओळखणारा आणि विहीर पाडणारा यांना एका ठिकाणी आणायचं, ही त्यातली कल्पना आजही शहाणपणाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५४ मध्ये शोध-नलिका विहिरींसाठी संघटना उभी केली. तिचंच पुढे १९७० मध्ये केंद्रीय भूजल मंडळ झालं. पण मराठवाड्याच्या गावागावांत बदल झाला तो १९७२ च्या दुष्काळाने. माणसं खडी फोडायला गेली, जनावरं गेली, विहिरी तळाला गेल्या. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली ती याच सुमारास. आणि त्याच वेळी कठीण खडकात छिद्र पाडणारी नवी यंत्रं आली. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा थेट छिद्राच्या तळाशी जाऊन दगड फोडतो आणि तीच हवा दगडाचा भुगा वर फेकते. ज्या विहिरीला दोन उन्हाळे लागायचे, तिच्या दुप्पट खोलीचं छिद्र एका दिवसात पडू लागलं.

यात मराठवाड्याचा एक वाटा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. साठच्या दशकात जालन्याला एका स्कॉटिश मिशनने अशा यंत्रांनी गावोगाव बोअर पाडायला सुरुवात केली. बोअर पडले, पण त्यावरचे ओतीव लोखंडाचे हातपंप वारंवार मोडायचे. ते पंप एका घरापुरते बनवलेले होते, इथे अख्खं गाव त्याच्यावर. मग जालन्यात पोलादी पंप तयार झाला, त्याची सुधारलेली आवृत्ती सोलापुरात झाली. 'सोलापूर पंप' म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' हा हातपंप आला, आणि तो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. गावातल्या शाळेपाशी, मारुतीच्या पाराजवळ आपण जो हापसा बघतो, त्याची वंशावळ जालना-सोलापूरला पोचते.

बोअरने लाखो बायकांची पायपीट वाचवली. ते आधी मान्य करूनच पुढचं बोलायला हवं. पण विहिरीकडून बोअरकडे येताना आपण काय गमावलं, हेही बघू.

पहिली गोष्ट साठवण. सहा मीटर व्यासाची गोल विहीर घ्या. तिच्यात एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. साडेसहा इंची बोअर घ्या. त्यात एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम २१ लिटर. विहीर रात्रभर झरते आणि साठवते, सकाळी तुम्ही उपसता. बोअर साठवत नाही. तो फक्त नळी आहे, आणि त्यातून येणारं सगळं पाणी त्या क्षणी खडकातून ओढलेलं असतं. शास्त्रालाही हा फरक उशिरा उमगला. पंप चालू असताना पातळी कशी उतरते याचं गणित अमेरिकेत चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये मांडलं, पण ते बारीक नळीच्या विहिरींसाठी होतं. मोठ्या व्यासाच्या, स्वतः पाणी साठवणाऱ्या विहिरींचं गणित पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये सोडवलं. आपल्या शेतातल्या विहिरीला लागू पडणारं गणित ते हेच.

दुसरी गोष्ट दिसणं. विहिरीची भिंत उघडी असते. झरा कुठे आहे, मुरूम किती फुटांवर संपला, लाल पट्टा कुठे, हे कुणीही काठावरून वाकून बघू शकतो. यंदा झरा कमी झाला हे शाळकरी पोरालाही दिसतं. बोअरमध्ये काहीच दिसत नाही. वर येतो तो भुगा. राखाडी भुगा म्हणजे पाषाण, लालसर भुगा म्हणजे पट्टा लागला, ओलसर आला की पाणी. हे गाडीवरच्या माणसाला बरोबर कळतं. पण दर फुटावर ठरलेला असतो, 'किती इंच पाणी' एवढंच मालक विचारतो, आणि भुग्याचा ढीग दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या खड्ड्यात जातो. भुसावळला ज्या नमुन्यांवरून २९ लोंढे वाचले गेले, तसे नमुने आपण गावागावात ढिगाने पुरून टाकले.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, तिथे थोडा हिशेब करू. जमिनीखालचं पाणी मोजताना देशभर जे निकष वापरतात, त्यात कुजलेल्या, भेगाळ बेसॉल्टसाठी दोन टक्के धरतात. म्हणजे १०० घनमीटर अशा दगडातून उपसून मिळतं ते २ घनमीटर. घट्ट बेसॉल्टसाठी हाच आकडा ०.३५ टक्के आहे. नदीकाठच्या गाळवट जमिनीला साधारण १० टक्के. आता एक हेक्टर शेत घ्या. पातळी एक मीटर उतरली. शेत गाळावर असेल तर तुम्हाला १० लाख लिटर मिळालं. मुरूम-मांजऱ्यावर असेल तर २ लाख लिटर. आणि पातळी आधीच खाली जाऊन काळ्या पाषाणात शिरली असेल, तर तोच एक मीटर उतरून तुम्हाला मिळालं फक्त ३५ हजार लिटर. म्हणजे आधी जेवढं पाणी एका मीटरमध्ये मिळायचं, तेवढ्यासाठी आता जवळपास सहा मीटर खाली जावं लागतं. 'बोअर एकाएकी आटला' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं. पाणी एकाएकी संपत नाही. चांगला थर संपतो. आणि चांगला थर कुठे संपतो, हे विहिरीची भिंत सांगत होती, बोअर सांगत नाही.

हे पाहण्यासाठी शासनाने काय व्यवस्था केली? राज्यभर सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रं पाडलेली आहेत आणि त्यांत ३,९०० च्या आसपास निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वेळा, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात, भूजल यंत्रणेची माणसं टेप सोडून पातळी घेतात. टंचाईचा अंदाज त्यावर बांधतात. पन्नास वर्षांची ही शिस्त मोठीच आहे. पण भागाकार करून बघा, अडीचेक विहिरींवर एक अख्खा पाणलोट वाचायचा. तालुक्याचं चित्र त्यातून मिळतं. कुरुंद्याच्या एका शिवारात बांधागणिक बदलणारा दगड त्यातून दिसणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

कायदेही झाले. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला निर्बंध आले. २००९ चा व्यापक भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल ती 'खोल विहीर', आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ती घ्यायला मनाई. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, हेही त्यात आहे. प्रत्यक्षात काय चाललंय, ते उन्हाळ्यात कोणत्याही रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की दिसतं. आम्हाला इथे कुणाला दोष द्यायचा नाही. बाग वाळत असताना माणूस कर्ज काढून तिसरा बोअर घेतो, तो काही हौसेने घेत नाही. पण हा तिसरा बोअर तो डोळे बांधून घेतो, कारण पहिल्या दोन बोअरमध्ये काय लागलं होतं याची चिठ्ठीभर नोंद त्याच्याकडे नसते.

आता विषयाची दुसरी बाजू. हिंगोलीत पाण्याइतकीच चर्चा जमिनीच्या आवाजाची होते. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या गावांत गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, सौम्य धक्के बसतात. २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ चा. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. लोक रस्त्यावर आले. साहजिक आहे, कारण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही.

किल्लारीनंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तिथे एक खोल बोअर घेतला. ६१७ मीटर. त्यातून जे कळलं ते असं: बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर. त्याखाली आठ मीटर जुन्या गाळाचा थर, म्हणजे लाव्हा येण्यापूर्वीची जमीन. आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा पाया. कोयनेला गोठणे इथे २०१७ मध्ये पूर्ण झालेला तीन किलोमीटरचा बोअर बघा, तिथे बेसॉल्ट १,२४७ मीटर जाड निघाला. आणि आपल्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे गेलात तर बेसॉल्ट संपून तोच जुना पाया उघडा पडलेला दिसतो. म्हणजे दख्खनचा लाव्हा हे पश्चिमेला जाड आणि पूर्वेला निमुळतं होत गेलेलं पाचर आहे, आणि कुरुंदा त्याच्या पातळ होत जाणाऱ्या बाजूला आहे. हे चित्र कुणी वरून पाहिलेलं नाही. ते छिद्रांतून जुळवलेलं आहे.

मग लोक विचारतात, इतके बोअर मारले म्हणून तर जमीन हलत नाही ना? या धक्क्यांची खोली नोंदवताना दहा किलोमीटरच्या आसपास सांगितली जाते. आपला शंभर मीटरचा बोअर घ्या आणि असे शंभर बोअर एकाखाली एक ठेवा, तेव्हा दहा किलोमीटर होतात. छोटे धक्के याहून उथळ असू शकतात, आणि आवाज ऐकू येतो तो बहुधा उथळपणामुळेच. पण शेतातल्या बोअरच्या छिद्राने खडक तुटून असा धक्का बसतो असं म्हणायला आधार नाही. उलट बोअरचा भूकंपाच्या अभ्यासात उपयोग होतो. कोयना-वारणा भागात नव्वदच्या दशकापासून वीसेक बोअर केवळ पाण्याची पातळी सतत मोजण्यासाठी घेतले आहेत. बंदिस्त थरातलं पाणी जमिनीवरच्या ताणाला उत्तर देतं. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीन किंचित फुगते-आकसते, तेवढ्यानेही त्या विहिरींत पातळी हलताना नोंदली जाते. जमिनीला नाडी असते असं म्हटलं तर ती मोजायची जागा अशी विहीर आहे. ज्या तालुक्यांत जमीन आवाज देते, तिथल्या बंद पडलेल्या बोअरकडे आपण निकामी छिद्र म्हणून बघतो. त्यातल्या निवडक बोअरमध्ये पातळी मोजायचं साधन सोडलं, तर पाण्याचा अभ्यास आणि धक्क्यांचा अभ्यास दोन्ही एका खर्चात होतील. बाकीच्यांची तोंडं मात्र पक्की झाकली पाहिजेत. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

आता गावाने काय करायचं? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ग्रामसभेने ठरवलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिकं ठरवली. ऊस-हळदीच्या मुलखात, कारखान्याच्या दाराशी ते जसंच्या तसं होईल असं आम्ही म्हणत नाही. पण ताळेबंदाची पहिली पायरी कोणत्याही गावाला जमेल. तिला पैसा लागत नाही, वही लागते.

गावात पुढच्या उन्हाळ्यात जेवढे बोअर पडतील, त्या प्रत्येकाजवळ कुणीतरी उभं राहावं. शेतकऱ्याचा मुलगा-मुलगी असेल, शाळेतले मास्तर असतील. दर दहा फुटांना मूठभर भुगा प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा, पिशवीवर खोली लिहायची. रंग कुठे बदलला, ओल कुठे आली, पाणी कुठे लागलं, केसिंग किती फूट टाकलं, शेवट कुठे झाला, हे वहीत लिहायचं. बोअर कोरडा गेला तर जास्त काळजीने लिहायचं, कारण कोरड्या बोअरची माहिती शेजाऱ्याचे पैसे वाचवते. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. जुन्या विहिरींची भिंत एकदा उतरून बघायची, मुरूम कुठे संपतो, लाल पट्टा किती परसांवर आहे, ते मोजायचं. आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला दहा-बारा विहिरींत दोरी सोडून पातळी घ्यायची. पाच वर्षांत गावाकडे स्वतःचा छेदनकाशा तयार होईल. जिल्ह्याच्या भूजल कार्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या भूवैज्ञानिकाच्या हातात तो ठेवला, तर तो तासाभरात सांगू शकेल की बंधाऱ्याचं पाणी कुठे मुरेल आणि कुठे नुसतं वाहून जाईल.

यात घाई करायला एक कारण आहे. हाताने विहीर खोदलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. कोणत्या शिवारात किती परसांवर मांजऱ्या लागला, कुठे सुरुंग भरूनही पाषाण हलला नाही, कुठला झरा वैशाखातही चालायचा, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचं नाव कोणत्याही अहवालात नाही. विहिरीच्या दगडावर मालकाचं नाव कोरलेलं असतं, खोदणाऱ्याचं नसतं. गावाच्या वहीचं पहिलं पान या माणसांना विचारून भरावं, त्यांचं नाव वर लिहावं, आणि मग खाली आकडे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांच्या शेतात यंदा बोअर झाला आहे, त्यांनी आधी बोलावं: किती फुटांवर काय लागलं?